पानामागचं पान

भाऊबिजेला बहीण आणि भाची आमच्याकडे आल्या होत्या. जेवणं आटोपली, मागची आवराआवर झाली आणि मी कपाटातून एक सीडी काढली. तिच्यावर माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं, 'आईच्या आठवणी, संकेतस्थळ, मार्च २००२, अंतिम.' सगळं आयुष्य बँकेत काढणाऱ्या माणसाने 'अंतिम' हा शब्द इतक्या बिनधास्त लिहावा याचं आता मलाच हसू येतं. ताळेबंदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या तरी ऑडिटर चार दुरुस्त्या काढतोच.

भाची पुण्यात वेबपानांच्या डिझाइनचं काम करते. हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला फटच नसते, म्हणून ती सीडी वाचणारी एक चपटी डबी बरोबर घेऊन आली होती. पान उघडलं. मी खुर्ची पुढे ओढली. फिकट हिरवी पार्श्वभूमी जशीच्या तशी होती, डावीकडे बटणांची रांग होती, कोपऱ्यात आईचा फोटो होता. मजकूर तेवढा नव्हता. म्हणजे होता, पण इंग्रजी अक्षरं, टक्क्याची खूण, मधेच उलटं प्रश्नचिन्ह, डोक्यावर टोप्या घातलेले फ्रेंच स्वर, असा सगळा पाचोळा. एक शब्द वाचता येईना.

"मामा, हे काय आहे?"

"ही तुझी आजी आहे," मी म्हटलं.

थोडं मागचं सांगायला हवं. आईने सत्तरी ओलांडल्यावर एका दोनशे पानी वहीत आपल्या आठवणी लिहून काढल्या. संगमेश्वराकडचं माहेर, पावसाळ्याआधीची साठवण, बहिणीचं लग्न, मुंबईला आल्यावर नळाला पाणी येण्याची वेळ, असं सगळं. कोणी छापावं म्हणून नव्हे. मी त्या वहीतून एक्केचाळीस तुकडे निवडले, रात्री जागून संगणकावर चढवले आणि त्यांची एक्केचाळीस वेबपानं केली. २००४ साली आई गेली. आम्ही तेव्हा कालिन्याला तळमजल्यावर राहायचो. पुढल्या वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या पाण्यात संगणक गेला आणि वहीही गेली. सीडी वाचली, कारण ती माझ्या शाखेतल्या ड्रॉवरमध्ये होती आणि शाखा पहिल्या मजल्यावर होती. फुकट जागा देणाऱ्या ज्या कंपनीकडे संकेतस्थळ ठेवलं होतं तिने काही वर्षांनी दुकान बंद केलं. आम्ही कोणी फारसं मनावर घेतलं नाही. सीडी आहे म्हणजे आई आहे, असं धरून चाललो.

आता गंमत अशी, की २००२ साली मी स्वतःला या विद्येतला चांगला जाणकार समजत होतो. शाखेच्या संगणकीकरणात पुढे होतो, त्या जोरावर दादरला एका क्लासमध्ये ड्रीमवीव्हर शिकलो होतो. मॅक्रोमीडिया कंपनीने १९९७च्या अखेरीस आणलेलं हे वेबपानं बनवायचं सॉफ्टवेअर. पुढे २००५ साली ती कंपनीच अ‍ॅडोबीने घेतली. पडद्यावर कोरं पान मांडायचं, त्यात चित्र ओढून टाकायचं, अक्षर मोठं करायचं, रंग द्यायचा. दिसतंय तेच मिळणार, असं या जातीच्या सॉफ्टवेअरचं ब्रीद. मला त्याचे सगळे मेनू तोंडपाठ होते. चित्रावर माऊस नेला की बटणाचा रंग बदलायचा, हे मी करून दाखवलं तेव्हा शाखेतल्या लोकांनी चहा पाजला होता.

भाचीने सगळ्यात आधी काय केलं, तर पानाचं चित्र बाजूला सारून त्यामागचा कोड उघडला. दिसणाऱ्या पानामागे एक लिहिलेलं पान असतं. मला ते माहीत होतं, पण तिकडे मी कधी फिरकत नसे. स्वयंपाकघराचं दार लोटून दिवाणखान्यात बसणाऱ्या पाहुण्यासारखं माझं होतं. तिने दार उघडलं आणि ती हसायला लागली. मग माझ्याकडे बघून थांबली.

आत कोष्टकाच्या पोटात कोष्टक, त्याच्या पोटात आणखी एक. प्रत्येक वाक्याला 'फाँट' नावाची खूण, कुठे कुठे एकाच शब्दाला तीनदा. आणि जागोजागी एक अदृश्य चित्र. हा प्रकार आजच्या मुलांना ठाऊक नसेल. एक ठिपका लांब, एक ठिपका रुंद, पूर्ण पारदर्शक असं चित्र घ्यायचं आणि त्याला ताणून हव्या तेवढ्या मोकळ्या जागेत पाचर म्हणून ठोकायचं. परिच्छेद अर्धा इंच आत घ्यायचा आहे? ठोका पाचर. डेव्हिड सीगल नावाच्या अमेरिकन डिझाइनरने १९९६च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात ही युक्ती सांगितली आणि जगभरच्या आम्हा हौशी लोकांनी ती डोक्यावर घेतली. पुढच्याच वर्षी त्याने लेख लिहून कबूल केलं, की वेब बिघडलं आहे आणि ते मीच बिघडवलं आहे. आमच्या क्लासमध्ये युक्ती पोचली होती, कबुली पोचली नव्हती.

बिघडवलं म्हणजे काय, ते समजून घ्यायला जरा मुळाशी जावं लागतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेतून वेब जगाला खुलं केलं ते शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणं वाचता यावीत म्हणून. पानात एवढंच सांगायचं, की हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. कसं दिसावं ते वाचणाऱ्याच्या यंत्राने ठरवायचं. मग व्यापार आला, जाहिरात आली, आणि पान छापील मासिकासारखं दिसायला हवं असा हट्ट सुरू झाला. हट्ट पुरवायला साधनं नव्हती म्हणून कोष्टकं आणि पाचरी आल्या. ड्रीमवीव्हरसारख्या सॉफ्टवेअरने हा सगळा पसारा सराईतपणे झाकून ठेवला. माझ्यासारख्याला वाटे, आपण चित्र काढतोय. प्रत्यक्षात पानाचा अर्थ पुसला जात होता. माझी शीर्षकं ही शीर्षकं नव्हतीच. लाल, ठळक आणि मोठी अक्षरं होती.

उपायही त्याच काळात तयार होत होता. होकॉन विउम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने ऑक्टोबर १९९४मध्ये, तोही सर्नमध्येच असताना, मजकूर आणि त्याचं रूप वेगळं करणाऱ्या नियमावलीची कल्पना मांडली. बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. भाची मला हे समजावू लागली तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, हे मला येतं.

बँकेत पूर्वी लेजरच्या पानापानावर हाताने व्याज मांडायचो. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक बघायची, तिच्यावर आकारणी करायची. दर बदलला की शाखेतला प्रत्येक कारकून आपापल्या लेजरवर नवा दर लिहून ठेवणार, आणि एखादा विसरणार. मार्च २००३मध्ये बचत खात्याचा दर ४ टक्क्यांवरून साडेतीनवर आला तोवर आमच्याकडे यंत्र होतं. एका ठिकाणी आकडा बदलला, सगळी खाती नव्या दराने चालू लागली. फाँटची खूण म्हणजे लेजरच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला दर. सीएसएस म्हणजे मुख्य कार्यालयाचं परिपत्रक. शीर्षकाचा रंग एकदा तिथे लिहायचा, एक्केचाळीस पानं ऐकतात.

"बरोबर," भाची म्हणाली, "पण एकावर दुसरं परिपत्रक आलं तर कुणाचं ऐकायचं?"

इथे बँक आणि सीएसएस यांच्या वाटा फुटतात. बँकेत मुख्य कार्यालयाचा शब्द शेवटचा. सीएसएसमध्ये जो नियम जास्त नेमका, तो जिंकतो. 'सगळे परिच्छेद काळे' असा नियम वर असला आणि 'लग्नाच्या पानावरचा पहिला परिच्छेद तपकिरी' असा दुसरा असला, तर दुसऱ्याचं चालतं. म्हणजे शाखाधिकाऱ्याची चिठ्ठी अध्यक्षांच्या परिपत्रकावर मात करते! त्याच्याही वर 'इम्पॉर्टंट' असा शेरा मारायची सोय आहे. नवखा डिझाइनर अडला की तो शेरा मारतो, पुढचा अडला की तोही मारतो. आमच्याकडे विभागीय कार्यालयाची सगळीच पाकिटं 'तातडीचे' असा शिक्का घेऊन यायची आणि त्यामुळे कुठलंच आधी उघडलं जात नसे, तसं मग होतं. कसबी माणूस तो शेरा शक्यतो टाळतो. नियम मोजके लिहितो, साध्यापासून नेमक्याकडे जातो आणि कोण कुणाला ओलांडतो हे आधीच ठरवून ठेवतो.

भाचीने मला 'सीएसएस झेन गार्डन' दाखवलं. डेव्ह शे या कॅनडातल्या डिझाइनरने २००३ साली हा प्रयोग मांडला. मजकुराचं पान एकच, कोणी त्याला हात लावायचा नाही. ज्याने त्याने फक्त आपली नियमावली पाठवायची. तोच मजकूर एकीकडे जपानी बागेत बसलेला, दुसरीकडे जुन्या भित्तिपत्रकासारखा, तिसरीकडे समुद्राच्या तळाशी. मी चार-पाच रूपं पाहिली आणि गप्प झालो. कीर्तनकार बदलले तरी आख्यान तेच राहतं, तसं काहीसं होतं ते. माझ्या पानांत आख्यानच कपड्यांना शिवलेलं होतं.

पण हे सगळं नंतरचं. आधी तो पाचोळा मराठीत यायला हवा होता.

संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. लॉकर रूम डोळ्यांसमोर आणा. ६५ क्रमांकाच्या लॉकरमध्ये इंग्रजी मोठा 'ए' असतो, ६६ मध्ये 'बी'. त्या काळी मराठी फाँट बनवणाऱ्यांनी काय केलं, तर याच लॉकरमधली इंग्रजी अक्षरं काढून तिथे मराठी आकार ठेवले. कुठे 'क', कुठे अर्धा 'स', कुठे नुसती वेलांटी. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फाइलमध्ये मात्र शेवटपर्यंत '६५, ६६' एवढंच. फाँट अंगावर आहे तोवर मराठी. बहुरूप्याने सोंग उतरवलं की आत इंग्रजी.

मी ज्या मराठी सॉफ्टवेअरवर टाइप केलं होतं ते संगणकाच्या पाठीला लावायच्या डोंगलवर चालायचं. तेही पाण्यात गेलं. वाचकांना फाँट मिळावा म्हणून पानासोबत त्याची एक बांधलेली प्रत पाठवायची सोय इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये होती आणि ती मी मोठ्या अभिमानाने वापरली होती. फाँटाची चोरी होऊ नये म्हणून त्या प्रतीत संकेतस्थळाचा पत्ता कोरलेला असे. दुसऱ्या पत्त्यावरून पान उघडलं की फाँट कामाला नकार देणार. माझा पत्ता गेला, त्याबरोबर आईची भाषा गेली. तो ब्राउझरही मायक्रोसॉफ्टने जून २०२२मध्ये निवृत्त केला.

युनिकोड तेव्हा नव्हतं का? होतं, १९९१पासून होतं, आणि देवनागरी त्यात पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्यात प्रत्येक अक्षराला कायमचा खातेक्रमांक असतो, फाँट कुठलाही असो. विंडोज २०००मध्ये 'मंगल' हा देवनागरी फाँटही आला होता. माझ्या घरी विंडोज ९८ होतं, आणि दिसतंय ना मराठी, मग झालं, अशी माझी समजूत होती.

फाँटाची ती बांधलेली फाइल सीडीवर होती. भाचीने एका छोट्या हत्याराने ती सोडवली आणि लॉकरची यादी पडद्यावर मांडली. कुठल्या क्रमांकात कुठला आकार ते कळलं. मला वाटलं, आता काय, शोधा आणि बदला. केलं. पहिल्या फटक्यात सगळं संकेतस्थळ कोसळलं, कारण मराठीचे लॉकर आणि पानाच्या बांधणीच्या खुणा, दोन्ही इंग्रजी अक्षरांतच. आईचा 'त' बदलताना कोष्टकाचा 'टी'ही बदलला. नशीब, भाचीने आधी मूळ फाइलींची प्रत काढून बाजूला ठेवली होती. व्हाउचर फाडायचं नसतं, एवढं मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला सॉफ्टवेअरला सांगितलं, की फक्त मजकुरात शोध, कोडला हात लावू नको. तरी आईने मधेच वापरलेले आणि मी इंग्रजीतच टाइप केलेले शब्द, 'बीईएसटी' वगैरे, त्यांचं मराठी कडबोळं झालंच. मराठी कुठलं आणि इंग्रजी कुठलं हे यंत्राला कसं कळावं? तेव्हा जिला आम्ही दोघं तासभर हसलो होतो ती फाँटची खूण कामी आली. प्रत्येक मराठी तुकड्याभोवती ती होती, त्या फाँटाच्या नावासकट. 'या नावाच्या खुणेच्या आत असेल तरच बदल' अशी अट घालता येते, घातली. त्या पसाऱ्यात तोच एक पुरावा उरला होता.

यापुढचं काम खऱ्या अर्थाने मुरलेल्या माणसाचं. साधा शोध एखादा शब्द शोधतो. नमुन्याचा शोध, ज्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, तो आकार शोधतो. 'वेलांटी, तिच्यामागे कितीही अर्धी अक्षरं, मग एक पूर्ण अक्षर' असं वर्णन द्यायचं आणि 'यातलं पहिलं उचलून शेवटी ठेव' असं सांगायचं. हे का करायचं? जुन्या फाँटात आपण डोळ्याला दिसतं त्या क्रमाने टाइप करायचो, पहिली वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी व्यंजन, मग स्वर. रफाराचं याच्या उलट. तो दिसतो शेवटी, उच्चारतो आधी. तेव्हा वेलांटी उजवीकडे न्यायची आणि रफार डावीकडे. वेलांटी एकच घर ओलांडून थांबली की 'स्थिती'चं 'सि्थती' होतं, आणि रफार अर्ध्या वाटेत थांबला की 'वर्ष'चं 'वषर्'. हे शब्द तुम्हीही कुठे ना कुठे पाहिले असतील. ते लिहिणाऱ्याचं अशुद्धलेखन नव्हे, कोणाच्या तरी घाईने लिहिलेल्या नमुन्याचे अवशेष आहेत.

क्रम फार सांभाळावा लागतो. आधी 'क्ष', 'ज्ञ', 'त्र' यांसारखी अखंड अक्षरं. मग अर्धं अक्षर आणि काना मिळून पूर्ण अक्षर, कारण जुन्या फाँटात 'प' म्हणजे अर्धा 'प' आणि एक उभी काठी. ते झाल्यावर वेलांटी, आणि सगळ्यात शेवटी रफार. मधे एखादी पायरी पुढेमागे झाली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकीच्या पायावर उभ्या राहतात. आम्ही एकेका पायरीनंतर तीन पानं वाचायचो आणि मगच सगळ्या संकेतस्थळावर तो बदल सोडायचो. भाची पुण्याला गेल्यावर हे काम फोनवर चालू राहिलं. डिसेंबरातल्या एका रात्री 'आमच्या घरी तेव्हा दोन गायी होत्या' हे वाक्य अखंड पडद्यावर आलं. मी बायकोला झोपेतून उठवलं.

मजकूर हाती आल्यावर नवी पानं बांधणं त्या मानाने सोपं होतं. कोष्टकं काढून टाकली. २०१७पासून ब्राउझरांत आलेल्या ग्रिडच्या नियमांनी तीच मांडणी चार ओळींत होते. बटणांची रांग मी २००२मध्ये एक्केचाळीस ठिकाणी चिकटवली होती. ड्रीमवीव्हरमध्ये टेम्प्लेटची सोय तेव्हाही होती, मी त्या मेनूपर्यंत गेलो नव्हतो. तोंडपाठ होतं म्हणालो ना, ते थोडं मागे घेतो. माझ्या पानाखाली 'हे संकेतस्थळ ८०० बाय ६००च्या पडद्यावर उत्तम दिसते' अशी सूचना होती, ती भाचीने हसत हसत पुसली. जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियन लेखकाने एप्रिल २०००मध्येच सांगून ठेवलं होतं, की वेबपान छापील कागदासारखं ताब्यात येत नाही हा त्याचा दोष समजू नका, स्वभाव समजा. दहा वर्षांनी, मे २०१०मध्ये, ईथन मार्कॉटने त्या विचाराला कृतीची जोड दिली. मापं ठिपक्यांत न देता प्रमाणात द्यायची, चित्रं आकसू द्यायची, आणि पडदा अमुक रुंदीपेक्षा मोठा असेल तर दोन रकाने, नाहीतर एक, असं नियमात लिहायचं. पाणी ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार घेतं तसं.

मराठीची मात्र स्वतःची पथ्यं आहेत, आणि ती इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत. नव्या पानावर भाचीने शीर्षक मोठ्या डौलात मांडलं. मला ते बघवेना. शिरोरेषा जागोजागी तुटली होती. इंग्रजीत अक्षरांमध्ये किंचित अंतर सोडलं की शीर्षक भारदस्त दिसतं, ते तिने सवयीने सोडलं होतं. देवनागरी शब्द एका दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा असतो. दांडीच कापली तर काय राहिलं? "सॉरी मामा," म्हणाली आणि तो नियम काढला. तसंच ओळींमधलं अंतर. इंग्रजीच्या मापाने वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो, तेव्हा अक्षराच्या निदान दीडपट ते पावणेदोनपट अंतर लागतं. आणखी एक बारीक गोष्ट मला फार आवडली. पानाच्या कोडमध्ये अगदी वर भाषा मराठी असल्याची खूण लिहायची. काही चांगल्या फाँटांत 'ल' आणि 'श' यांचे हिंदी आणि मराठी असे दोन्ही आकार ठेवलेले असतात. ती खूण पाहिली की फाँट मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' काढून देतो. पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही तीच खूण बघून मराठी आवाज निवडतं.

तसं एक सॉफ्टवेअर भाचीने माझ्या जुन्या पानावर मुद्दाम लावून दाखवलं होतं. ज्यांना दिसत नाही ते लोक त्याच्या आधाराने वेब वाचतात. मी डोळे मिटून बसलो. 'कोष्टक, तीन रकाने. चित्र. चित्र. चित्र. कोष्टक...' त्या अदृश्य पाचरी एकेक करून ऐकू येत होत्या. शीर्षकं मी सुंदर अक्षरांत चित्र म्हणून केली होती, तिथेही नुसतं 'चित्र'. दिसणाऱ्या माणसासाठी अदृश्य असलेलं सगळं त्याला ऐकू येत होतं, आणि दृश्य होतं तेवढंच नेमकं नव्हतं. नव्या पानांत शीर्षकांना शीर्षक म्हटलं, आईच्या फोटोला 'नऊवारीतली आई, हातात वही' असं शब्दांत सांगितलं.

आईची धाकटी बहीण, आमची मावशी, शहाऐंशीची आहे. डोंबिवलीला असते. दृष्टी अधू झालीय, पण अक्षर बोराएवढं केलं तर वाचते. फेब्रुवारीत मी पानं फोनवर घेऊन तिच्याकडे गेलो. अक्षर दुप्पट केलं, मग तिप्पट. जुन्या पानावर असं केलं असतं तर ओळी पडद्याबाहेर पळाल्या असत्या. इथे मजकूर मुकाट्याने खालच्या ओळीवर सरकत गेला. मावशी तिच्याच लग्नाचं पान वाचू लागली. मोठ्याने, एकेक शब्द.

"'आचार्यांना पहाटेच चहा दिला.'" ती थांबली. "अरे, माझ्या लग्नात आचार्य कुठले? आचारी होते. दोघं. देवरुखहून आणलेले."

माझ्या लक्षात आलं. जुन्या फाँटात 'आचाऱ्यांना'तला अर्धा 'र' काढायची कळ मला सापडलीच नव्हती. मी सगळीकडे रफार ठोकून दिला होता. युनिकोडमध्ये त्याला नुक्त्याचा 'ऱ' आहे, पण नमुन्याला काय ठाऊक, कुठे आचार्य आहेत आणि कुठे आचारी? इथे कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नव्हतं. मी घरी येऊन सगळ्या संकेतस्थळात र-रफाराचे 'र्य' आणि 'र्ह' शोधून काढले आणि एकेक वाक्य वाचत बसलो. 'सूर्य' राहिला. 'कार्य' राहिलं. 'तर्हा'ची 'तऱ्हा' केली, 'पायर्या' 'पायऱ्या' झाल्या. दोन दिवस गेले. एक जागा मात्र अडली.

आई आणि मावशी लहानपणी रत्नागिरीला चालल्या होत्या, त्या प्रवासाचं पान. 'वळणावर गाडी थांबली. खाली दर्यांत ढग उतरलेले.' आता हे दऱ्यांमध्ये उतरलेले ढग, की दर्यात? अनुस्वारावरून ठरेना, कारण आई जुन्या वळणाचं लिहायची. १९६२चे नियम तिने कधी मानले नाहीत. 'घरांत', 'पाण्यांत' असं एकवचनावरही टिंब द्यायची. वही असती तर बघितलं असतं.

मावशीला फोन केला. वाक्य दोनदा वाचून दाखवलं.

"वळण मला काही आठवत नाही बाबा," ती म्हणाली. "पण तुझी आई दर्या म्हणायची नाही हो कधी. दर्या आमचे वडील म्हणायचे. तिचा आपला समुद्र."

मी तिथे 'ऱ' घातला आणि पान चढवलं.